म्युझियमच्या बेडकांचा डीएनए निघत नाहीये, मदत हवी आहे (अर्जंट)

सायली_झू: तीन आठवडे झाले हेच चाललंय. कॉलेजच्या म्युझियममधल्या बेडकांचे टिश्यू घेतले, एक्स्ट्रॅक्शन केलं, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) लावला, पण जेलवर लॅडर (मापासाठीच्या ठरावीक तुकड्यांच्या पट्ट्या) सोडून काही म्हणजे काही नाही. प्रोटोकॉल तंतोतंत पाळलाय. शुक्रवारी सरांना बँड (आपल्या डीएनएची पट्टी) दाखवायचाय, प्लीज सांगा काय चुकतंय.

पानगळ: बेडूक कधीचे? कशात ठेवलेत? प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारा छोटा डीएनए) कुठला?

सायली_झू: बाटलीत आहेत, असतात तसेच. प्रायमर १६एस या जीनचा, साडेपाचशे बेसचा (डीएनएची अक्षरं) तुकडा वाढवणारा.

रानवाट: मी पक्ष्यांवर काम केलंय. बोटाखालच्या गादीचा इवलासा तुकडा घ्यायचा, प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) घालून रात्रभर ठेवायचं, शंभर वर्षांच्या कातड्यातूनसुद्धा निघतो.

पानगळ: अहो पक्ष्याचं कातडं वाळवलेलं असतं, बाटलीतल्या बेडकाचं तसं नाही. सायली, फॉर्मालिन का अल्कोहोल?

रानवाट: १९८४ साली क्वागाचा (झेब्र्यासारखा नामशेष प्राणी) डीएनए काढलाच की, १४० वर्षांचा नमुना होता!

पानगळ: तोही वाळलेलाच होता, आणि मिळाले किती तर २२९ बेस. जुना डीएनए तुटलेला असतो, साडेपाचशेचा तुकडा मागितला तर कुठून देणार?

 

सायली_झू: आत्ता अल्कोहोल आहे. पण जुन्या रजिस्टरमध्ये १९७१, फॉर्मालिन असं लिहिलंय 😟 मला वाटलं आता अल्कोहोलमध्ये आहेत म्हणजे चालेल.

पानगळ: हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतंस ना. फॉर्मालिन डीएनए आणि प्रोटीन एकमेकांना जखडून टाकतं, नंतर अल्कोहोलमध्ये टाकलं म्हणून ते सुटत नाही. गरम अल्कलीत लायसिस (टिश्यू फोडून डीएनए मोकळा करणं) करून बघ, प्रायमर १००-१५० बेसचा तुकडा वाढवणारा घे, आणि ताज्या बेडकांचं काम चालतं त्या खोलीत हे अजिबात करू नको, नाहीतर त्यांचाच डीएनए वाढेल आणि तुला वाटेल जमलं. टिश्यू न घातलेली एक ट्यूब प्रत्येक वेळी सोबत लाव, तिच्यात बँड आला तर बाहेरचा डीएनए शिरलाय हे कळेल.

रानवाट: अल्कलीत उरलासुरलासुद्धा तुटतो. मी तरी नाही करणार.

पानगळ: तुटतो थोडा, पण जखडलेला राहिला तर शून्यच. लहान तुकडा पुरतो.

सायली_झू: एका बेडकाच्या मांडीचा स्नायू संपला, आता त्याचं यकृत घेऊ का? तो ज्या गावातून आणलाय तिथला हा एकच बेडूक आहे.

पानगळ: एकच?? मग आज ब्लेड लावू नकोस. त्याच काळातली, गावाची नोंद नसलेली एखादी बाटली असेल तर परवानगी काढून आधी तिच्यावर पद्धत बसव. शुक्रवारी सरांना रजिस्टरचं ते पान दाखव.

सायली_झू: विनालेबलच्या दोन आहेत कपाटात. उद्या सकाळीच विचारते.