पेडल स्टील गिटारचे धुरकट झालेले ॲल्युमिनियम कसे उजळावे?

तंतुवेडा (ह्यूस्टन)

नमस्कार. सत्तरच्या दशकात तयार झालेली एक डबल-नेक पेडल स्टील गिटार (पायांवर आडवी उभी असणारी, पेडलांनी तारांचा सूर बदलणारी, दोन नेकची गिटार) मी नुकतीच एका निवृत्त वादकाकडून विकत घेतली आहे. वाद्य उत्तम बोलते, पेडल आणि गुडघ्याचे लिव्हर मोकळे चालतात, लाकडी अंगावरचा लॅकरही शाबूत आहे. मात्र ॲल्युमिनियमचे जवळजवळ सगळे भाग, म्हणजे दोन्ही टोकांच्या एंडप्लेट, दोन्ही नेक, खुंट्या बसवलेली कीहेड आणि खालची पेडलांची आडवी पट्टी, पांढरट आणि धुरकट दिसतात. उजव्या एंडप्लेटवर, जिथे वादकाचे मनगट घासत असावे, तिथे बोटाला जाणवतील असे खडबडीत ठिपकेही आहेत.

भाग सुटे करून बफ मारावा की जागेवरच हाताने पॉलिश करावे, आणि तारा ज्यांच्यावर टेकतात ती चेंजरची, म्हणजे पेडल दाबल्यावर तारांचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेची, बोटेही त्याच वेळी घासावीत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईने फोनवर चिंच आणि मीठ सुचवले आहे. घरातली तांब्या-पितळेची भांडी तिने आयुष्यभर त्यानेच लख्ख ठेवली, त्यामुळे तिचा सल्ला विचारल्यावाचून बाजूला ठेवणे मला बरे वाटले नाही.

टूलरूम (पुणे)

आपल्या आईंचा उपाय तांब्या-पितळेसाठी अगदी योग्य आहे, पण येथे तो वापरू नये. कारण चिंचेपेक्षा मिठात आहे. मिठातील क्लोराइड ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाला बारीक खड्डे पाडते, आणि मनगटाखाली आपल्याला जाणवणारे ठिपके बहुधा घामातील मिठानेच पडलेले आहेत. सोडा, ओव्हन साफ करण्याचे द्रावण किंवा डिशवॉशरची पावडर यांपैकी काहीही जवळ आणू नये. अल्क या धातूला थेट खातो आणि पृष्ठभाग काळवंडतो.

ॲल्युमिनियमवर हवेच्या स्पर्शाने क्षणार्धात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. तो पारदर्शक असतो आणि धातूचे रक्षण करतो. ओलावा, घाम आणि धूळ वर्षानुवर्षे साचत राहिली की हाच थर जाड व असमान होतो, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला धुरकटपणा दिसतो. धातू उघडा असेल, तर हा थर पॉलिशने निघतो. म्हणून कोणतेही पॉलिश उघडण्यापूर्वी प्रत्येक भाग उघडा आहे, ॲनोडाइझ केलेला (विजेच्या प्रक्रियेने मुद्दाम टणक ऑक्साइडचा थर चढवलेला) आहे की त्यावर लॅकर मारलेले आहे, हे ठरवून घ्यावे.

मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून त्याची दोन्ही टोके त्याच भागावर इंचभर अंतराने अगदी हलकेच टेकवावीत. उघड्या धातूवर मीटर वाजतो. ॲनोडाइझचा थर आणि लॅकर हे दोन्ही वीजरोधक असल्याने त्यांच्यावर तो गप्प राहतो. टोके दाबू नयेत, कारण अणकुचीदार टोक थर भेदून आत गेले तर निष्कर्ष चुकतो. गप्प राहिलेल्या भागाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ॲसिटोनने किंचित ओलावलेला कापसाचा बोळा फिरवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लॅकर, काहीच झाले नाही तर ॲनोडाइझ. ही चाचणी सुट्या केलेल्या भागावरच करावी, कारण ॲसिटोनचा एक थेंबही लाकडी अंगावरचा लॅकर विरघळवतो.

ॲनोडाइझ केलेला भाग पॉलिशने उजळत नाही. तो थर मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ असतो आणि घासत राहिल्यास जागोजागी फाटून पट्टे उमटतात. असा भाग सौम्य साबणाने धुऊन जसा आहे तसा ठेवावा.

खर्ज (नॅशव्हिल)

वरील माहितीला वाद्याच्या बाजूने पुरवणी देतो.

स्टील वूल या वाद्याच्या खोलीतही नसावे. त्याचे बारीक लोखंडी कण पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतात आणि पुन्हा सहजासहजी निघत नाहीत. शिवाय ते ॲल्युमिनियममध्ये रुतून बसले, तर ओलाव्यात त्यांच्याभोवती नवे डाग पडतात. काम हाताने करायचे असले तरी पिकअप आणि फ्रेटबोर्ड कागदी टेपने पूर्ण झाकून घ्यावेत. पेडल स्टीलच्या फ्रेटबोर्डवरील रेषा छापलेल्या असतात आणि पॉलिशच्या दोन-चार हातांत त्या पुसट होतात.

नेक काढू नयेत, ते जागेवरच हाताने करावेत. एंडप्लेट सुट्या केल्याने काम नीट होते, पण आपली गिटार ऑल-पुल पद्धतीची (सूर चढवणे आणि उतरवणे दोन्ही सळ्या ओढूनच होणारी) असेल, तर उजव्या एंडप्लेटच्या भोकासमोर पेडलांचे सूर जुळवण्याचे नायलॉनचे नट असतात. त्यांची आणि खालच्या सळ्यांची आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

आता चेंजर, जो माझ्या मते या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्याची बोटे एकाच दांड्यावर शेजारी शेजारी फिरतात. पॉलिशमध्ये घर्षक भुकटी असते. ती बोटांच्या फटीत शिरली की दांडा आणि भोके झिजवते, आणि पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर नेमकी परत येत नाही. धुरकट दिसणारी बोटे सुराला काहीही बाधा आणत नाहीत, म्हणून केवळ चकाकीसाठी त्यांना हात लावू नये. तारेने बोटावर खोल चर पाडला असेल, तरच तो दुरुस्तीचा विषय होतो. चर रुंद आणि सपाट झाला की तार एका बिंदूतून न सुटता पृष्ठभागाला घासत सुटते आणि सतारीसारखा झणत्कार ऐकू येतो. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीवर जवारी काढताना जो परिणाम मोठ्या कौशल्याने साधतात, तोच येथे दोष ठरतो. असा चर घालवायचा असल्यास तार काढून, खालच्या फटी टेपने बंद करून, तारेच्या दिशेने 2000 नंबरचा वॉटर पेपर अगदी थोडा फिरवावा आणि बोटाची गोलाई तसूभरही बदलू देऊ नये.

तंतुवेडा (ह्यूस्टन)

दोघांचेही मनापासून आभार. एंडप्लेट, नेक आणि कीहेड यांवर मीटर वाजतो. पेडलांची पट्टी गप्प आहे आणि ॲसिटोनने तिला काही होत नाही, त्यामुळे ती धुऊन ठेवून देतो. चेंजरच्या बोटांवर चर नाहीत, म्हणून तिकडे फिरकणार नाही. एंडप्लेटवरील ठिपक्यांचे काय करावे? तिच्यावर निर्मात्याचे नाव कोरलेले आहे.

टूलरूम (पुणे)

कोरीव नाव असेल तर बफिंगच्या चाकीपासून दूर राहावे. चाकी अक्षरांच्या कडा आणि प्लेटचे कोपरे गोल करून टाकते, आणि पातळ भागाची कड चाकीत अडकली तर तो भाग हातातून हिसकावून फेकला जातो. लोखंड घासलेल्या चाकीवर ॲल्युमिनियम तर कधीच धरू नये, कारण लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र येऊन ठिणगी पडली तर ती भीषण पेटते.

प्लेट सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. नंतर ॲल्युमिनियमसाठीचे पेस्ट पॉलिश मऊ सुती कापडाने लहान भागावर लावावे. कापड लगेच काळे होईल, ते उघड्या धातूचेच लक्षण आहे. पेस्ट वाळण्यापूर्वी पुसून घ्यावी. केवळ धूसर झालेल्या भागाला बहुतेक वेळा एवढेच पुरते. ठिपक्यांच्या जागी 600 नंबरचा वॉटर पेपर सपाट रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून वापरावा, मग 1000, 1500 आणि 2000. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी बदलावी आणि आधीच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. अक्षरांजवळ मात्र कागद नेऊ नये. तळाशी उरलेले खोल खड्डे तसेच राहू द्यावेत. ते घालवण्याइतका धातू काढला, तर प्लेटवर तिथे खळगा दिसेल, आणि जुन्या वाद्यावर तो खड्ड्यांपेक्षा अधिक खटकतो.

कीहेड ओतीव असतील तर त्यांच्याकडून आरशाची अपेक्षा करू नये. ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन अधिक असल्याने त्यांची झळाळी किंचित करडी राहते.

खर्ज (नॅशव्हिल)

घासल्याने धातू तापतो, म्हणून नेक घासून झाल्यावर लगेच सूर लावू नये. 1930 च्या दशकातील रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची गिटार) पूर्ण ओतीव ॲल्युमिनियमची होती, आणि रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने ती सुरावरून हलत असे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. वाद्य खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

पॉलिशनंतर कार्नोबा मेणाचा पातळ हात द्यावा आणि वाजवून झाल्यावर मनगटाखालची जागा दरवेळी कोरड्या कापडाने पुसावी. ह्यूस्टनच्या दमट हवेत केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणेही आवश्यक आहे. चारही पाय बहुधा क्रोम मुलामा दिलेल्या पोलादाचे असतील. त्यांना ॲल्युमिनियमचे पॉलिश न लावता केवळ पुसून मेण लावावे.