काळ्या ओट्यावरचे ओरखडे, कमी बजेटवाल्या गिऱ्हाईकाला काय सांगायचं?

नाशिकचा_पॉलिशवाला:
मंडळी, मी मार्बल-ग्रॅनाइट पॉलिशची छोटी कामं घेतो. हल्ली फोन येतात ते असेच, "भाऊ मिक्सर सरकवून दोन ओरखडे पडलेत तेवढेच काढून द्या, अख्ख्या ओट्याचं बजेट नाही". आता तेवढ्यासाठी मशीन, पॅड, हेल्पर घेऊन जायचं तर परवडत नाही, आणि तेवढाच तुकडा घासला की खिडकीच्या उजेडात धब्बा दिसतो मग बाई म्हणतात आधीचंच बरं होतं. तुम्ही काय करता?

जुना_मिस्त्री:
जायच्या आधी फोटो मागवा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरून काढलेला. आणि त्यांनाच सांगा नख फिरवून बघा, अडकतं का. ग्रॅनाइटवर नख अडकत नसेल आणि रेघ करडी, चकचकीत असेल तर बहुतेक वेळा तो ओरखडा नसतोच, कुकरच्या बुडाचं अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टील दगडाला लागलेलं असतं. ग्रॅनाइट कडकपणात (मोह्स मापावर, १ ते १०) ६-७ आणि साधं स्टील त्याहून मऊ, मग झिजणार कोण? ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पावडरची ओली पेस्ट, हातात ग्लोव्हज, पाच-दहा मिनिटं ठेवून चोळायची आणि भरपूर पाण्याने धुवायचं, झालं. याला फक्त व्हिजिट चार्ज लावा, गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतं.

ओटेवाली_ताई:
आमचा कडप्पा आहे हो, त्यावर ओरखडे कमी आणि लिंबाचे, चिंचेच्या कोळाचे पांढुरके डाग जास्त. ते पण पॉलिशनेच जातात का?

जुना_मिस्त्री:
ताई, कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की वरचा थर खातं, त्यामुळे पुसून जाणार नाही, घासावंच लागेल. पण दगड मऊ आहे म्हणून हातानेही होतं. लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) गुंडाळायचा, ४०० मग ६०० मग ८०० नंबर (नंबर मोठा तसा पेपर बारीक), भरपूर पाणी टाकून, आणि डागापुरतं न घासता भिंतीपासून कडेपर्यंत सगळी फरशी एकसारखी. चकाकी येणार नाही, मॅटच राहील, पण मॅटवर पुढचे डाग कमी दिसतात. वरून सीलर (डाग आत मुरू न देणारं लिक्विड) मारा. खोबरेल लावलं तर दोन दिवस काळं कुळकुळीत दिसतं बस. आणि बाथरूमचं अ‍ॅसिड त्याच्या जवळपासही नेऊ नका.

नाशिकचा_पॉलिशवाला:
आणि ग्रॅनाइटवर नख खरंच अडकलं तर?

फरशी_फॅक्टरी:
मग वॉटर पेपरचा नाद सोडा, डायमंड पॅडच. लोक सरळ ५० नंबर लावतात आणि खड्डा पाडतात, उथळ असेल तर ४०० पासून सुरू करा, ८००, १५००, ३०००, आणि प्रत्येक नंबरला घासायची जागा थोडी थोडी वाढवत न्या म्हणजे कड दिसत नाही. पाण्यावरच चालवा, कोरडं घासलंत तर सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाते, आणि पाणी आहे म्हणून ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असल्याशिवाय ग्राइंडर लावू नका. अजून एक, आधी पांढऱ्या कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन कोपऱ्यात पुसा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे, तिथे घासलं की रंग उडून आत करडं दिसणार, सरळ नाही म्हणा. कडेचा टवका असेल तर काळा पिगमेंट घातलेला इपॉक्सी भरून ब्लेडने तासा, स्वस्तात होतं.

रेटचं म्हणाल तर फुटावर लावू नका, मिनिमम चार्ज ठेवा आणि "रेघ जाईल, पण चकाकी शंभर टक्के जुळेलच असं नाही" हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच लिहून द्या.

नाशिकचा_पॉलिशवाला:
अ‍ॅसिटोनचं भारी सांगितलंत, उद्याच्याच कामावर बघतो. बाई म्हणतायत दगड "एकदम जेट ब्लॅक, स्वस्तात मिळाला", आता शंका यायला लागली 😅