पोक्का बोईंगच्या उसातली फ्युजेरियम: सॅकरी की प्रोलिफेरॅटम? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उसाच्या पोंग्यातून काढलेली एक बुरशी ओळखण्यात तीन आठवडे अडकलोय: फ्युजेरियम वंशातली सॅकरी ही प्रजाती, की प्रोलिफेरॅटम?

रोग पोक्का बोईंगच आहे, त्यात शंका नाही. कोवळ्या पानांचा बुडखा पिवळट-पांढरा, पानं चुरगळून एकमेकांत पिळवटलेली, आणि कांडीवर सुरीने आडवे काप द्यावेत तशा शिडीसारख्या खाचा.

पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार, बुरशी वाढवायचं माध्यम) कापसासारखी पांढरी वाढ आली, नंतर खालून जांभळी झाक. म्हणजे फ्युजेरियम फुजिकुरोई गटातलं काहीतरी. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना सरसकट फ्युजेरियम मोनिलिफॉर्मे म्हणतात, पण त्या एका नावाखाली कितीतरी प्रजाती कोंबल्या होत्या. ते नाव मला लिहायचं नाहीये.

घोडं अडलंय ते सूक्ष्म बीजाणूंपाशी. पाण्यात स्लाइड केली की साखळ्या असल्या तरी तुटतात, सगळे बीजाणू सुटेच दिसतात. म्हणून कार्नेशनच्या पानाच्या तुकड्यांवर बुरशी वाढवली आणि प्लेट न हलवता तशीच सूक्ष्मदर्शकाच्या १० पटीच्या भिंगाखाली धरली. बहुतेक ठिकाणी दवाच्या थेंबांसारखे गोल पुंजके दिसले. बीजाणू धरणाऱ्या काही दांड्यांना एकाहून जास्त तोंडं आहेत, म्हणून याच गटातली तिसरी प्रजाती व्हर्टिसिलिऑइडिस बाद केली. तिच्यात दांडीला एकच तोंड आणि साखळ्या लांबलचक. नुसते पुंजकेच असते तर सॅकरी लिहून टाकलं असतं. पण प्लेटच्या कडेला आखूड साखळ्याही सापडल्या, एका जागी तर दोन साखळ्या एकाच दांडीवरून फाकलेल्या, बेचक्यासारख्या. सॅकरीत साखळ्या होत नाहीत. मग ही प्रोलिफेरॅटम, की एकाच प्लेटमध्ये दोन बुरश्या? कल्चर मी थेट पानाच्या तुकड्यावरून घेतलं होतं, एका बीजाणूपासून वाढवलेलं नाही, त्यामुळे ही धाकधूक जास्तच आहे.

आयटीएस (बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो डीएनएचा तुकडा) याचं सिक्वेन्सिंग करून घेतलं, पण त्यात दोन्ही नावं सारखीच जुळतात.

आधी एक-बीजाणू कल्चर करून मगच टीईएफ-१ अल्फा जनुकाचं सिक्वेन्सिंग करावं ना? आणि साखळ्या नीट दिसाव्यात म्हणून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं माध्यम कुणी वापरलंय का? किती दिवसांनी पाहता? रोग घडवण्याच्या क्षमतेची चाचणी याच कल्चरवर घ्यायची आहे, म्हणून चुकीच्या नावाने पुढे जायचं नाही. कुणाकडे सॅकरीच्या पुंजक्यांचे न हलवता काढलेले फोटो असतील तर कृपया टाका, माझ्या प्लेटशी ताडून बघतो.