मदत हवी आहे: सराव पाठात वर्ग गप्प बसतो, परवा निरीक्षण आहे

शेवटचा_बाक
बी.एड. दुसरं वर्ष, आंतरवासिता (शाळेतला शिकवण्याचा सराव) चालू आहे. पाठाचं टाचण पक्कं असतं, मेथडच्या (अध्यापन पद्धतीच्या) सरांची सही पण झालेली असते. पण प्रश्न विचारला की सगळी पोरं फळ्याकडं बघत बसतात. पुढचे दोघंच हात वर करतात. मागच्या पाठाच्या शेऱ्यात "विद्यार्थी सहभाग वाढवा" एवढंच लिहून आलंय. कसा वाढवायचा ते कोण सांगणार? सिद्धांत नकोत, ते पेपरात लिहून झालेत. परवा चालेल असं काहीतरी सांगा, लवकर.

खडूची_पूड
इयत्ता? विषय? माध्यम? पट? बालवाडीला आणि बारावीला एकच औषध देऊ का?

निवृत्त_हेडमास्तर
सज्जता प्रवर्तन, म्हणजे धड्याआधी वर्गाला तयार करणं, कमी पडतंय. पूर्वज्ञानावर तीन प्रश्न, मग हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), मग विषयविवेचन. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पायऱ्यांवर आमच्या पिढ्या शिकवून गेल्या. आमचं बी.एड. एका वर्षाचं होतं. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, तरी हीच रड.

रंकाळ्याचा_वारा
सर, माफ करा, पण त्या पायऱ्यांत पोरानं करायचं काय असतं? ऐकायचं. आता ज्ञानरचनावाद आहे, पोरानं स्वतः करून शिकायचं. गट करा, कृती द्या, बाजूला व्हा.

निवृत्त_हेडमास्तर
बाजूला होऊन मोबाईल बघायचा का? पस्तीस मिनिटांच्या तासात गट करेपर्यंत घंटा होते. आधी वर्ग हातात ठेवायला शिका.

शेवटचा_बाक
भांडण नको हो. आठवी, विज्ञान, मराठी माध्यम, पट 58. घटक बल व दाब. करवीर तालुका, सकाळची शाळा.

गारगोटीकर
गट-बिट राहू दे. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकाच कौशल्याचा छोटा सराव पाठ, परत कर. भारतीय पद्धतीत एक फेरी 36 मिनिटांची: पाठ 6, प्रत्याभरण (अभिप्राय) 6, पुनर्नियोजन 12, पुनर्पाठ 6, पुनर्प्रत्याभरण 6. फक्त प्रश्न कौशल्य घे, मित्रांना पोरं करून बसव. बाकी शिक्षणाचं कोल्हापूरला कुणी शिकवू नये. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशाच्या शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजऱ्याकडचेच, बहिरेवाडीचे.

खडूची_पूड
अभिमान बरोबर आहे, पण त्याचा तास परवा आहे. आणि मित्र पोरं होऊन बसले की सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात. खरी आठवी तशी नसते. बाक, तू विचारलेले प्रश्न जसेच्या तसे टाक.

शेवटचा_बाक
"दाब म्हणजे काय?" "दाबाचं एकक कोणतं?" "समजलं का?"

खडूची_पूड
मग गप्प बसणारच. पहिल्या दोन्हींचं उत्तर पुस्तकात छापलंय; ज्यानं घरी वाचलं तोच बोलणार, म्हणजे तुझे पुढचे दोघं. तिसऱ्याला "हो सर" सोडून दुसरं उत्तर आहे का? आणि विचारल्यावर किती थांबतोस? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गातले ध्वनिमुद्रण तपासले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंद थांबत होते. तीनेक सेकंद थांबले की उत्तरं लांब आली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. हा सिद्धांत वाटत असेल तर वाटू दे, मनात तीन मोज.

आता परवाचं. पाण्याची बाटली घे, खालपासून वर सारख्या अंतरावर तीन भोकं पाड, तिन्हींवर एकच लांब चिकटपट्टी लाव. पाणी भर, झाकण काढून ठेव. पट्टी ओढायच्या आधी विचार, "कुठल्या भोकाचं पाणी लांब जाईल?" वहीत लिहायला लाव, शेजाऱ्याला दाखवायला लाव, मग वरचं, मधलं, खालचं असे तीनदा हात वर घ्यायला लाव. सगळ्यांचा हात एकदा तरी उठतो. ज्यानं हात उठवलाय तो पट्टी ओढल्यावर मान वळवून बघतोच. मग "असं का?" विचार आणि नाव घेऊन मागच्या बाकावरच्याला उठव.

एक काळजी घे. बाटली टेबलाच्या अगदी कडेला ठेव आणि पाणी खाली जमिनीवरच्या बादलीत पडू दे. टेबलावरच पडू दिलंस तर मधल्या भोकाचं लांब जातं, कारण खालच्या पाण्याला पडायला उंचीच मिळत नाही. मग निरीक्षकांसमोर "खाली दाब जास्त" हे कुठल्या तोंडानं सांगणार?

रंकाळ्याचा_वारा
म्हणजे ज्ञानरचनावादच झाला की!

निवृत्त_हेडमास्तर
पूर्वज्ञान जागं करणं म्हणतात याला. पहिली पायरी.

भावी_शिक्षिका
टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोनला राजारामपुरीत चांगला क्लास कोणता? फी पण सांगा.

शेवटचा_बाक
ताई, नवीन धागा काढा की. खडूची पूड, आत्ताच घरी करून बघितलं. पट्टी चिकटतच नाही, पाणी गळतंय.

खडूची_पूड
पाणी भरून मग लावलीस ना? आधी बाटली कोरडी पूस, पट्टी लाव, नखानं दाब, मग भर. एक टोक दुमडून ठेव, नाहीतर 58 पोरांसमोर पट्टी उकरत बसशील. आणि निरीक्षकांच्या खुर्चीपासून लांब.

गारगोटीकर
नववीच्या कवितेला बाटली कुठं लावू? माझाही पाठ सोमवारीच आहे.