मदत हवी आहे: अर्धा हंगाम झाल्यावर एएफएल संघांचं मानांकन कसं काढावं?

मेलबर्नकर

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात दर वर्षी फुटीचं (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, त्याची मोठी लीग ती एएफएल) टिपिंग चालतं. दर फेरीत प्रत्येक सामन्याचा विजेता सांगायचा, आणि पहिल्या सामन्यात किती फरकाने जिंकणार तेही. बाकी सगळे लहानपणापासूनच्या संघावर जीव टाकून टिपा देतात. माझं बालपण सांगलीत क्रिकेट खेळण्यात गेलं, त्यामुळे माझी भिस्त आकड्यांवर. एक्सेलमध्ये साधं एलो मानांकन (बुद्धिबळातलं, दर निकालानंतर अंक वर-खाली करणारं) मांडलंय, पण हंगामाच्या मध्यावर ते गुणतक्त्याचीच री ओढतं. आणि गुणतक्त्यावरच तर माझा भरवसा नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: १८ संघ, प्रत्येकी २३ सामने. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. गुण सारखे झाले की 'पर्सेंटेज' बघतात, म्हणजे केलेले पॉइंट भागिले दिलेले पॉइंट, गुणिले १००. गोलला ६ पॉइंट, बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, त्याला १.

माझी पहिली अडचण वेळापत्रकाची. १७ संघांशी एकेकदा खेळून झालं की उरलेले ६ सामने कोणाशी, हे प्रत्येकाचं वेगळं. मध्यावर तर आणखी गोंधळ. २०२४ साली रिचमंडने अख्ख्या हंगामात २ सामने जिंकले, नॉर्थ मेलबर्नने ३. ज्यांची या दोघांशी गाठ आधीच पडली त्यांचा तक्ता फुगलेला, ज्यांची पडायची आहे त्यांचा रोडावलेला.

दुसरी अडचण फरकाची. २०२२ मध्ये कॉलिंगवूड १६ विजय मिळवून चौथे आले, पण पर्सेंटेज जेमतेम १०४. थोडक्यात जिंकत गेले. फक्त जय-पराजय बघणाऱ्या एलोला ते जबरदस्त वाटतात, फरक बघणाऱ्याला सामान्य. पुढे ते उपांत्य सामना एका पॉइंटने हरले आणि २०२३ ला विजेते झाले. आता यात कोणाचं खरं मानायचं?

शिवाय जुनं किती धरावं? २०२४ मध्ये हॉथॉर्न पहिले पाच सामने हरून शेवटी सातवे आले. ब्रिस्बेन पहिले तीन हरलं आणि सप्टेंबरात करंडक घेऊन गेलं. सिडनी मात्र अव्वल राहूनही पोर्ट अ‍ॅडलेडकडून ११२ पॉइंटनी आणि अंतिम सामन्यात ६० नी हरलं. असा ११२ चा एक सामना माझ्या शीटमध्ये सगळं उलटंपालटं करतो.

कोणी असलं काही केलं असेल तर सांगा. आर किंवा पायथन येत नाही, एक्सेलमध्ये जमेल असं हवं.

टवाळ

आमच्या आत्याबाई संघाच्या जर्सीचा रंग बघून सांगतात. तुमच्या एलोपेक्षा बरं जमेल. असो, वाचतोय.

चिकित्सक

एलो तात्पुरतं बाजूला ठेवा. ते सामने क्रमाने वाचत जातं. मार्चमध्ये ज्याला हरवलं तो जूनमध्ये किती तगडा निघाला, हे त्याला मागे जाऊन कळत नाही. तुमची वेळापत्रकाची तक्रार तिथेच आहे.

त्याऐवजी सगळे सामने एकदम सोडवा. प्रत्येक संघाला एक अंक द्या. यजमानाचा अंक, वजा पाहुण्याचा अंक, अधिक मैदानाचा फायदा, हा झाला अपेक्षित फरक. प्रत्यक्ष फरकाशी येणाऱ्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी असे अंक एक्सेलचा सॉल्व्हर शोधून देतो. मध्यावर शंभरेक सामने झालेले असतात आणि अज्ञात अंक १९, त्यामुळे गणित सुटतं. सगळ्या संघांच्या अंकांची बेरीज शून्य धरायला विसरू नका, नाहीतर सॉल्व्हर भरकटतो.

पण ११-१२ सामन्यांवर इतका विश्वास टाकायचा नाही. प्रत्येक संघाच्या खात्यात चार काल्पनिक बरोबऱ्या टाका, सरासरी संघाशी झालेल्या. ११ सामन्यांत सरासरी +२२ असेल तर २२ × ११ ÷ १५, म्हणजे साधारण +१६. जुनं धरायचं तर त्या काल्पनिक सामन्यांत शून्याऐवजी गेल्या हंगामाच्या शेवटच्या अंकाचा निम्मा भाग वापरा. हॉथॉर्नसारखा संघ मग पाच पराभवांनंतरही तळाला चिकटत नाही.

कॉलिंगवूडबद्दल माझं मत: फरक बघणारं मानांकनच ठेवा. थोडक्यातले विजय पुढच्या वर्षीही तसेच मिळतील याचा भरवसा धरू नये. २०२३ चा संघ मुळात २०२२ पेक्षा चांगला होता, त्या वर्षी ते तक्त्यातही पहिले होते.

आणि पर्सेंटेज वापरू नका. पावसात ६०-४० आणि कोरड्यात १२०-८० दोन्ही १५० च, फरक मात्र २० आणि ४०.

पर्थवासी

मैदानाच्या फायद्याबद्दल एक. सगळ्यांना सारखा देऊ नका. एमसीजीवर रिचमंड विरुद्ध कॉलिंगवूड असेल तर कागदावर कोणीही यजमान असो, दोघंही घरीच. मेलबर्नचे नऊ क्लब मिळून दोनच मोठी मैदानं वापरतात. आमच्या वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटलला मात्र दर पंधरवड्याला चार तास विमानात बसावं लागतं, आणि इकडे येणाऱ्यालाही तेच. निदान तीन गट करा: एकाच शहरातले, राज्याबाहेरचे, आणि जिलाँगचं कार्डिनिया पार्क वेगळं. ते मैदान अरुंद आहे, पाहुण्यांना नीट उमगत नाही.

मेलबर्नकर

दोघांचेही आभार, सॉल्व्हर चालू केलाय. ११२ वाल्या सामन्याचं काय करू? आणि २०२३ चा अंतिम सामना बघा: कॉलिंगवूड १२ गोल १८ बिहाइंड, एकूण ९०. ब्रिस्बेन १३ गोल ८ बिहाइंड, एकूण ८६. गोल कमी असून जिंकले! मग नेमबाजी मोजायची की संधी?

चिकित्सक

११२ साठी: फरकाला ३६ ने भागा आणि एक्सेलच्या नॉर्मल वक्रात (NORM.S.DIST, उत्तर ० ते १ मध्ये येतं) घाला. ४ चा विजय ०.५४ होतो, ६० चा ०.९५, ११२ चा ०.९९९. म्हणजे ६० नंतरच्या धुलाईला फारसं मोल उरत नाही. एलोकडे परत गेलात तर विजयाच्या १ ऐवजी हाच आकडा टाका. सॉल्व्हरमध्ये मात्र सरळ ७० वर कात्री लावा.

संधींसाठी: लीगमध्ये निम्म्याहून थोडे जास्त फटके (गोल अधिक बिहाइंड) गोल होतात, म्हणून एका फटक्याची किंमत साधारण ३.६५ धरा. कॉलिंगवूडचे ३० फटके म्हणजे ११०, ब्रिस्बेनचे २१ म्हणजे ७७. फरक ४ चा ३३ झाला! पण पूर्ण विश्वास ठेवू नका. बचाव करणाऱ्यानेच चेंडू ढकलून दिलेले बिहाइंडही यात मोजले जातात, आणि कोनातून मारलेला फटका व समोरून मारलेला फटका सारखा नसतो. खरा फरक आणि हा फरक, दोघांची सरासरी घ्या.

चार काल्पनिक सामने घ्यावेत की सहा, हे २०२४ च्या पहिल्या १२ फेऱ्यांवर अंक काढून पुढच्या फेऱ्यांवर तपासा. फरकात सरासरी तीसेक पॉइंटची चूक येईलच, घाबरू नका. चांगल्या मॉडेलांचेही विजेते दहातले सातच बरोबर येतात. स्क्विगलच्या साइटवर बरीच मॉडेलं शेजारी-शेजारी दिसतात, तिथे ताडून बघा.

मेलबर्नकर

शेवटचं: तपासणीसाठी जुने हंगाम घेतोय. २०२० वगळू का?

चिकित्सक

वगळू नका. त्या वर्षी करोनामुळे क्वार्टर २० ऐवजी १६ मिनिटांची होती, तेव्हा पॉइंट सव्वापट करून घ्या. मैदानाचा फायदा काढताना मात्र ते वर्ष नको. व्हिक्टोरियाचे क्लब महिनोनमहिने क्वीन्सलँडमध्ये मुक्कामी होते, अंतिम सामनाही गॅबावर झाला.