एडमंटनच्या घराला खिडक्या कुठल्या घ्याव्यात?

गुहागरचा_सुतार

नमस्कार मंडळी. सुतारकामात छत्तीस वर्षं काढली. फणसाच्या, सागाच्या किती चौकटी हाताखालून गेल्या, मोजल्या नाहीत. आणि प्रश्न खिडकीचाच विचारतोय, तेव्हा आधी हसून घ्या.

धाकट्या मुलाने कॅनडात एडमंटनला जुनं घर घेतलं, 1978 सालचं. गेल्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको गेलो ते पाच महिने राहिलो. जानेवारीत पारा उणे 30 पर्यंत उतरला. सकाळी उठून बघतो तर आमच्या खोलीच्या काचेला आतल्या बाजूने बर्फ. खालच्या कडेला बोटभर जाड. दुपारी तो वितळला की पाणी चौकटीत. तळपट्टीचं लाकूड नखाने दाबलं तर दबत होतं.

आपल्याकडे नैर्ऋत्येची झड आली की खिडकीतून पाणी येतं, त्यात कोडं काही नाही. म्हणून तर मे अखेर पडवीला झापं बांधायची. पण तिथे पाऊस नाही, गळती नाही, मग पाणी कुठून? मी दोन दिवस फटी शोधल्या, दिसेल तिथे चिकटपट्टी मारली. पाणी उलट वाढलं!

आता थंडीच्या आत खिडक्या बदलायच्यात. तीन कोटेशनं आलीत: दोन काचांची सरकती, दोन काचांची बिजागरीची, तीन काचांची बिजागरीची. तिसरं पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. मुलगा म्हणतो पहिलं चालेल, सून म्हणते तिसरंच घ्या, आणि दोघं मिळून म्हणतात, बाबा तुम्हीच सांगा. कागदावर लो-ई, आर्गॉन, यू-फॅक्टर असलं लिहिलंय. शिवाय नातवाची खोली माडीवर, तिथे मला गज हवेत, तर तो मिस्त्री नाहीच म्हणतो.

कॅलगरीकरीण

काका, नमस्कार. माहेर माझं हर्णैचं, इथे चौदावा हिवाळा. ते पाणी बाहेरचं नाही हो, तुमच्या घरातलंच. भाताची वाफ, आंघोळ, पाच जणांचे श्वास. आत 21 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असेल तर 7 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. बाहेर उणे 30 असताना साध्या दुहेरी काचेचा आतला पृष्ठभाग मध्यावर जेमतेम 2-3 अंशांवर असतो. कडेला दोन काचांमध्ये अॅल्युमिनियमची पट्टी असते, ती थंडी थेट आत आणते, म्हणून कडा शून्याच्या खाली. तुमचा बर्फ खालच्या कडेलाच होता ना? तो यामुळे.

चिकटपट्टीने तुम्ही दमट हवेची बाहेर जायची वाटच बंद केलीत. एवढ्या थंडीत घरातली आर्द्रता 15-20 टक्क्यांवरच ठेवायची असते. खरं सांगा, कपडे कुठे वाळत घालत होतात?

आणि गजांचा नाद सोडा. खोलीला आग लागली तर पोराला खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे, असा इथला बांधकाम नियम आहे. झोपायच्या खोलीत खिडकीचा उघडा भाग किमान 0.35 चौरस मीटर, आणि कुठलीच बाजू 380 मिलिमीटरपेक्षा कमी नाही. पोर पडेल ही भीती असेल तर आतून उघडता येणारी जाळी मिळते.

पेठमापातला_फॅब्रिकेटर

काका, मी चिपळुणात यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, खिडक्या करतो. थंडीचा माल कधी बसवला नाही, पण काचेचं गणित सगळीकडे एकच.

यू-फॅक्टर म्हणजे खिडकीतून उष्णता किती पळते तो आकडा, कमी तेवढा चांगला. एकेरी काच 5.8 च्या आसपास, साधी दुहेरी 2.8, लो-ई लेप आणि आर्गॉन असलेली दुहेरी 1.2-1.3, तिहेरी 0.8 च्या आगेमागे. लो-ई हा डोळ्याला न दिसणारा धातूचा लेप, घरातली ऊब परत आत फेकतो. आर्गॉन हा दोन काचांमध्ये भरायचा वायू, हवेपेक्षा कमी उष्णता वाहून नेतो, बाकी त्यात जादू नाही. कॅनडाच्या एनर्जी स्टारला, म्हणजे ऊर्जा बचतीच्या शिक्क्याला, अख्ख्या खिडकीचा आकडा 1.22 किंवा त्याहून कमी लागतो, नाहीतर ईआर (एनर्जी रेटिंग) नावाचा गुणांक 34 किंवा त्याहून जास्त. मुलाला लेबलवर हेच बघायला सांगा. विकणारे नुसत्या काचेचा आकडा सांगतात, चौकटीसकट सांगत नाहीत. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे.

सरकती घेऊ नका. सरकायला फट ठेवावीच लागते, तिला ब्रशची पट्टी किती पुरणार? आपल्याकडे त्याच रुळात जुलैत पाणी तुंबतं आणि वाऱ्याने आत उडतं. बिजागरीची झडप रबरावर दाबून बसते. तिथे वारा शिरणार नाही, इथे पाऊस.

आणखी एक. जुन्या चौकटीत नवी खिडकी बसवून देतो म्हणतील, स्वस्त पडेल. तुमची तळपट्टी कुजलीय. सगळं उखडून काढायला लावा.

गंमत बघा, आपल्याकडे एसी लावलेल्या खोलीत पावसाळ्यात काचेला दव बाहेरून धरतं. गिऱ्हाईक मला फोन करून गळती सांगतं.

झावळी_झाप

फणसाची चौकट विमानात नेता येते का, तेवढं कोणी सांगा. काका नेतीलच.

गुहागरचा_सुतार

फणसाची चौकट तिथे सुकून तडकेल, नाहीतर नेली असती.

कॅलगरीच्या ताई, पकडलंत. खोलीत खिडकीसमोर मीच दांडी बांधली होती. रोजची लुगडी, पंचे, नातवाचे कपडे, सगळं तिथे. कपडे वाळवायचं मशीन वीज खातं म्हणून! आणि न्हाणीघरातला पंखा ऊब बाहेर फेकतो म्हणून तोही मीच बंद करत होतो. मुलगा काही बोलला नाही, बापाला काय सांगणार. छत्तीस वर्षं खिडकीत पाणी आलं की मी बाहेरची बाजू बघतोय. आत बघायचं सुचलंच नाही.

एका ओळखीच्या काचवाल्याने युक्ती सांगितली ती काल करून बघितली. आमचे सकाळचे नऊ, त्यांच्याकडे रात्रीचे साडेनऊ. सुनेला व्हिडिओवर म्हटलं, देवातलं निरांजन पेटव, खोलीतला दिवा मालव, आणि ज्योत काचेजवळ तिरकी धर. काचेत चार ज्योती दिसल्या, एकामागे एक. काचेच्या दर पाठीची एक, म्हणजे काचा दोन. लो-ई असेल तर त्यातली एक वेगळ्या रंगाची दिसते. चारही सारख्याच पिवळ्या. माडीवरच्या खिडकीत तर ज्योतीच धुरकट. दोन काचांच्या मधेच पाणी धरलंय, म्हणजे सील गेलेलं. ते कुठूनच पुसता येत नाही.

हिने मागून विचारलं, खिडकीची आरती कधीपासून करायला लागलात?

मुलाला सांगितलंय ते असं: झोपायच्या खोल्या आणि उत्तरेची बाजू तीन काचांची. दक्षिणेला बैठकीत लो-ई दुहेरी चालेल, पण ऊन आत घेणारी काच माग, हिवाळ्यात तेवढंच ऊन मिळतं. सगळ्या बिजागरीच्या. जुनी चौकट मुळापासून काढ, फटीत कमी फुगणारा फोम, आणि माप प्रत्येक खिडकीचं तीन ठिकाणी घे, शिवाय कर्णही मोज. गज रद्द.

मशीनचं बिल मी भरणार म्हटलं, तर तो हसला.