मदत हवी आहे : पॅराक्वाट या तणनाशकात ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेला) तंबाखूही वाइल्ड टाइपइतकाच (मूळ रोपाइतकाच) पांढरा पडतोय

प्रश्न (नेरूळ)

पॅराक्वाट सोसावं म्हणून तंबाखूत क्लोरोप्लास्टमध्ये (पेशीतल्या हरितलवकात) जाणारं कॉपर-झिंक एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम) घातलं आहे. जेलवर जास्तीचा पट्टा ठळक दिसतो. 10 मिमीच्या लीफ डिस्क कापून नळाच्या पाण्यात धुतल्या, पॅराक्वाटच्या 1 आणि 10 मायक्रोमोलर द्रावणावर तरंगत ठेवल्या आणि लगेच कल्चर रूमच्या ट्यूबलाइटखाली सरकवल्या. 24 तासांनी 10 ला ट्रान्सजेनिक आणि वाइल्ड टाइप दोन्ही पांढऱ्या, 1 ला दोन्ही हिरव्यागार. कंडक्टिव्हिटी (पेशींतून पाण्यात गळलेल्या आयनांचं मोजमाप) तर पॅराक्वाट न दिलेल्या डिस्कचीही चढी येते. चूक जनुकात की प्रयोगात?

प्रतिसाद 1

आधी प्रयोगच तपासा. मोरबे धरणाचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यात क्षार असतात आणि मीटर तेच मोजतो. शिवाय कापलेल्या कडेच्या पेशी फुटून आयन सांडतात. डीआयोनाइज्ड पाण्यात तीनदा विसळा, अर्धा तास भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. एसीतल्या खोलीत एक वाचन आणि बाहेरच्या उकाड्यात दुसरं असं करू नका. दर अंशामागे कंडक्टिव्हिटी साधारण 2 टक्के बदलते. शेवटी त्याच नळ्या ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून), थंड झाल्यावर एकूण आयन मोजा आणि गळती त्याच्या टक्केवारीत मांडा.

डिस्क लगेच उजेडात नेल्या हे बरं झालं नाही. औषध आत शिरायला रात्रभर अंधार द्या, मग सगळ्यांना एकदम उजेड. रॅकच्या मध्यावर आणि टोकाला उजेड सारखा नसतो, म्हणून पेट्री डिशच्या जागा अदलाबदल करत राहा.

1 आणि 10 यांच्यामध्येच फरक दडलेला असतो. 2, 3, 4, 5 मायक्रोमोलर घ्या आणि 6, 12, 18, 24 तासांना वाचनं घ्या. एसओडीने रोप अमर होत नाही, फक्त उशिरा पडतं. 24 तासांचं एकच वाचन घेतलं की तो उशीर निसटतो. 10 मिलीत 1 मायक्रोलिटर पिपेटने टाकू नका, चुकतंच. 10 मिलिमोलर स्टॉकपासून (दाट मूळ द्रावणापासून) आधी 1 मिलिमोलर करा, मग त्यातले 10 मायक्रोलिटर 10 मिलीत घाला.

तुलनेला त्याच बॅचमधली, जनुक न आलेली भावंडं घ्या. पानही वरून मोजून तेवढ्याच क्रमांकाचं हवं. कोवळं आणि जून पान सारखं वागत नाही.

प्रतिसाद 2

हे सगळं जमूनही फरक दिसला नाही, तर दोष जनुकाचा म्हणू नका. 1990 साली पेटुनियाचं क्लोरोप्लास्टमधलं एसओडी तंबाखूत वाढवूनही पॅराक्वाट सोसलं गेलं नव्हतं. पॅराक्वाट फोटोसिस्टिम 1 (प्रकाशसंश्लेषणातली एक यंत्रणा) कडून इलेक्ट्रॉन हिसकावून ऑक्सिजनला देतं, त्यातून सुपरऑक्साइड होतं. एसओडी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि तेही विषच! ते निस्तरायला एस्कॉर्बेट (सी जीवनसत्त्व) वापरणारं एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे एन्झाइम लागतं. वापरलेलं एस्कॉर्बेट परत तयार करायला एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागतं, पण त्याचेच इलेक्ट्रॉन पॅराक्वाटने पळवलेले असतात. शिवाय पेरॉक्साइड साचलं की कॉपर-झिंक एसओडी स्वतःच निकामी होतं. म्हणून 12 तासांच्या डिस्क डीएबीने (पेरॉक्साइड असेल तिथे तपकिरी होणाऱ्या रसायनाने) रंगवून पाहा. ट्रान्सजेनिकमध्ये तपकिरी डाग जास्त दिसले, तर पेरॉक्सिडेज कमी पडतंय.

आणि हातमोजे घाला. पॅराक्वाटवर खात्रीचा उतारा नाही. डिस्क ऑटोक्लेव्ह करूनच टाका. द्रावण मात्र ऑटोक्लेव्हने निर्धोक होत नाही, ते बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या बाटलीत घातक कचरा म्हणून साठवा.